घरच्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या

घरातून पेशंटला दवाखान्यात हलवताना डबा, चादर, आधार कार्ड सगळं आठवतं; रोजच्या गोळ्या मात्र फडताळातच राहतात. सापडल्या तरी कात्रीने कापलेली अर्धी पट्टी, औषधाचं नाव दुसऱ्या तुकड्यावर. मग आधी कोणती औषधं चालू आहेत हे डॉक्टरांना कळत नाही, आणि नवं औषध त्यांच्याशी भिडलं तर जिवावर बेतू शकतं.

वॉरफरिनचंच घ्या. हृदयात यांत्रिक (मेकॅनिकल) झडप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवायला ती रोज लागते. त्यात जुलाबावरची मेट्रोनिडाझोल मिळाली, की यकृतात वॉरफरिनचा निचरा मंदावतो. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागतं. टीबीची रिफाम्पिसिन नेमकं उलट करते: निचरा वाढवते, मग गुठळीचा धोका. गुडघेदुखीवरच्या डायक्लोफिनॅकने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि ती तर आपण न विचारता दुकानातून आणतो. मला सर्वांत जास्त काळजी हिचीच वाटते.

असा औषधाचा त्रास झालाच, तर त्याची नोंद पेशंट किंवा नातेवाईकही करू शकतात. त्यासाठी देशात २०१० पासून औषधदक्षता कार्यक्रम चालतो. टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. त्रास औषधामुळेच झाला हे सिद्ध करावं लागत नाही, नुसती शंकाही पुरते.