सारखे दिसणारे किनारी पक्षी कसे ओळखावेत?

कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या बहुतेक स्थलांतरित पक्ष्यांचे विणीच्या हंगामातले ठळक रंग तोवर उतरलेले असतात. करड्या-पांढऱ्या पिसाऱ्यात वेगवेगळ्या जाती एकसारख्या दिसू लागतात. अशा वेळी रंगापेक्षा चोचीची ठेवण, पाय, डोळा आणि उडताना दिसणारे पंख अधिक भरवशाचे ठरतात.

मासेमारी बंदरांवर घिरट्या घालणारे कुरव प्रामुख्याने दोन जातींचे असतात: तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा. हिवाळ्यात दोघांचेही डोके पांढरे होते आणि डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका उरतो, त्यामुळे नावांवरून काहीच ठरत नाही. लडाख-तिबेटच्या सरोवरांकाठी वीण करणाऱ्या तपकिरी डोक्याच्या कुरवाची चोच जाड, डोळा फिकट आणि पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरे ठिपके असतात. काळ्या डोक्याच्या कुरवाची चोच बारीक व डोळा गडद असतो. उडताना त्याच्या पंखाची पुढची कड पांढरी दिसते. मात्र पहिल्या वर्षाच्या पक्ष्यांचा डोळा दोन्ही जातींत गडदच असतो, म्हणून डोळ्याची खूण प्रौढांपुरतीच धरावी.

पांढऱ्या बगळ्यांत गोंधळ अधिक होतो. छोट्या बगळ्याची चोच व पाय काळे, तर पावले पिवळी असतात. समुद्री बगळा राखाडी आणि पांढरा अशा दोन रूपांत आढळतो. राखाडी रूप पांढऱ्या गळ्यामुळे सहज कळते. पांढऱ्या रूपाची चोच मात्र पाहावी लागते. ती छोट्या बगळ्याच्या चोचीपेक्षा जाड, किंचित खाली वळलेली आणि बहुधा पिवळसर-तपकिरी असते. मोठ्या बगळ्याच्या जबड्याची रेघ डोळ्याच्या मागे जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच थांबते.

ओल्या वाळूवर थोडे धावून थबकणारे आणि मग टोच मारणारे आखूड चोचीचे पक्षी म्हणजे चिखल्या. ते भक्ष्य डोळ्यांनी शोधतात. त्यांतल्या केंटिश चिखल्याच्या मानेमागून पांढरा पट्टा जातो. लहान वाळू चिखल्याला तो नसतो. लांब, बाकदार चोचीच्या पक्ष्यांत कर्ल्यू मोठा व साध्या डोक्याचा असतो. व्हिम्ब्रेल त्याहून लहान, आखूड चोचीचा असून त्याच्या डोक्यावर गडद-फिकट पट्टे दिसतात.

2022 मध्ये रामसर स्थळ ठरलेल्या ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांच्या दोन जाती येतात. मोठा रोहित उंच व फिकट असतो. त्याच्या गुलाबी चोचीचे टोकच तेवढे काळे असते. लहान रोहिताची चोच जवळजवळ पूर्ण गडद लालसर दिसते.

निरीक्षणाची वेळ भरती-ओहोटी पाहून ठरवावी. ओहोटीला पक्षी दूरच्या चिखलावर पांगतात, तर भरती चढू लागली की किनाऱ्याकडे सरकतात. कोकणात समुद्र पश्चिमेला असल्याने सकाळी सूर्य पाठीशी राहतो आणि बारकावे स्पष्ट दिसतात. सुरुवातीला आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरते. थव्यात शिरून पक्षी उडवू नयेत. परतीच्या लांबच्या प्रवासासाठी त्यांना चरबी साठवायची असते.

जात नक्की ठरत नसेल, तर वहीत नुसते ‘कुरव’ किंवा ‘चिखल्या’ लिहावे आणि दिसलेल्या खुणा नोंदवाव्यात. अंदाजाने लिहिलेल्या नावापेक्षा अशी नोंद अधिक उपयोगाची असते.