पिशवीतलं पिल्लू, गवतातलं पाडस

येवल्याच्या ममदापूर-राजापूर माळावर काळविटं बघताना मुलं हमखास विचारतात, "यांच्या पोटाला कांगारूसारखी पिशवी असते का हो?"

नसते. असे पिशवीवाले, म्हणजेच शिशुधान प्राणी ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि अमेरिका खंडांत आढळतात. भारताच्या रानात एकही नाही. काळविटाची मादी साधारण सहा महिने गर्भ वाढवते. पाडस जन्मल्यावर लवकरच उभं राहतं. आई त्याला गवतात लपवते, चरायला जाते आणि पाजायला परत येते. म्हणून एकटं पाडस दिसलं तर उचलू नका, ते बहुधा अनाथ नसतं!

तांबड्या कांगारूचा गर्भकाळ मात्र जेमतेम ३३ दिवसांचा. पिल्लू शेंगदाण्याएवढं, वजन १ ग्रॅमहून कमी, डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. तरीही पुढच्या इवल्या पायांनी आईची लव धरत ते स्वतःच पिशवीत पोचतं! तिथे सड तोंडात धरला की सडाचं टोक फुगतं आणि पिल्लू महिनोन्‌महिने त्याला चिकटून राहतं. सुमारे आठ महिन्यांनी ते पिशवी कायमची सोडतं, पण दूध पीतच राहतं. तेवढ्यात धाकटं आत आलेलं असतं. मग एक सड थोरल्याला एक प्रकारचं दूध देतो, दुसरा धाकट्याला वेगळं. एकाच आईच्या अंगात, एकाच वेळी! मी हे प्रथम वाचलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचलं.

वोंबॅट हाही असाच पिशवीवाला प्राणी, पण तो बिळं खोदतो, म्हणून त्याच्या मादीची पिशवी मागच्या बाजूला उघडते. उकरलेली माती पिल्लावर पडत नाही.