तीन दरपत्रके आणि एक अंगण

लखनौहून सीतापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहराच्या उत्तरेस, बख्शी का तालाब नावाची वस्ती लागते. नवाबी अमदानीतील एका बक्षीने बांधविलेल्या तलावावरून हे नाव पडले. आज तेथे हवाई दलाचा तळ आहे, कृषी महाविद्यालय आहे, आंब्याच्या बागा आहेत; आणि त्या बागांच्या कडेकडेने शहरातून आलेल्या नोकरदारांची नवी घरेही उभी राहत आहेत. त्यांपैकीच एक आमचे. घरापुढे ३० फूट रुंद व ४० फूट लांब अशी मोकळी जागा होती. वाईहून आमच्याकडे राहावयास आलेल्या माझ्या आईची इच्छा एवढीच, की तेथे हिरवळ असावी, एक पारिजातक असावा आणि सकाळी चार पावले अनवाणी चालता यावे.

मी तीन ठेकेदारांकडून दर मागविले. एकाने १ लाख १० हजार रुपये सांगितले, दुसऱ्याने ८४ हजार, तिसऱ्याने ६२ हजार. सरकारी कामांच्या निविदा तपासण्यात माझी पंधरा वर्षे गेली आहेत. परंतु घरचे काम निघाले तेव्हा ती सारी विद्या मी कचेरीतच ठेवून आलो होतो, असे दिसते. मी तिसऱ्याला काम दिले. दिवाळीपर्यंत हिरवळ पिवळी पडली, जमिनीवर मिठासारखा पांढरा थर आला, भिंतीच्या पायाशी पाणी साचू लागले आणि पारिजातकाची काडी झाली. आई काही बोलली नाही. तिने गॅलरीत तुळशीची कुंडी आणून ठेवली आणि अंगणात जाणे सोडले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एक पावसाळा वाया जाणे म्हणजे काय, हे तिला विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्यानंतर एका रविवारी ती तीन दरपत्रके मी पुन्हा शेजारी शेजारी मांडली. आणि ध्यानात आले, की मी तीन किमतींची तुलना केली होती खरी, पण ती कामे तीन निरनिराळी होती.

मातीचेच पाहा. १२०० चौरस फुटांवर सहा इंच चांगली माती म्हणजे ६०० घनफूट. आपल्याकडच्या हिशेबाने सहा ब्रास. पहिल्याने '६०० घनफूट, दबल्यावर' असे स्पष्ट लिहिले होते. दुसऱ्याने आठ ट्रॉल्या लिहिल्या होत्या. ट्रॉली हे काही माप नव्हे. एकीची दुसरीला सर नसते. म्हणून त्याची ट्रॉली मी टेपने मोजली: १० फूट लांब, ६ फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे ९० घनफूट. आठ ट्रॉल्यांची ७२० घनफूट सुटी माती पाणी पिऊन पाचव्या हिश्श्याने बसली, तर ५७६ उरते. म्हणजे हा मनुष्य पहिल्याच्या बराच जवळ होता. तिसऱ्याच्या कागदावर मातीपुढे केवळ 'आवश्यकतेनुसार' असा शब्द होता. आवश्यकता कोणाची, ते लिहिलेले नव्हते.

दुसरी गोष्ट मातीच्या जातीची. गंगेच्या मैदानात ठिकठिकाणी ऊसर म्हणतात ती क्षारयुक्त, चोपण जमीन आढळते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने बंथरा येथील आपल्या केंद्रात अशा जमिनीवर दीर्घकाळ काम केले आहे. अशा जमिनीवर नुसती माती पसरून भागत नाही. खालचा थर खणावा लागतो, कंकर वेचावा लागतो, पाण्याला वाट द्यावी लागते, आणि परीक्षणात सोडियम अधिक निघाला तर त्या प्रमाणात जिप्सम घालावे लागते. पहिल्याच्या किमतीत खणणे, शेणखत आणि मातीचे परीक्षण ही तिन्ही होती. अंगणाला भिंतीपासून दूर, दर दहा फुटांस सव्वा इंच उतारही त्याने धरला होता. तिसऱ्याच्या कागदावर यांतले एकही अक्षर नव्हते, आणि त्या मौनालाच मी स्वस्ताई समजलो.

गवत ही आपली साधी हरळीच. पण मुळ्या टोचून लावणे आणि तयार गवताचे गालिचे अंथरणे यांच्या खर्चात मोठे अंतर असते. रोपांची उंची, संख्या, मेलेले रोप कोणी बदलावयाचे, पहिले तीन महिने पाणी कोणी घालावयाचे, कर धरून किंमत की कर वगळून, हेही तसेच.

सरकारी कचेऱ्यांना किमान दराच्या हट्टाबद्दल पुष्कळ नावे ठेवली जातात, आणि ती सर्वस्वी अनाठायी नाहीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने काढलेल्या सूचनांत काही विशेष कामांसाठी गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा ठेवली आहे. मात्र किमान दर पाहण्याआधी आम्ही एक गोष्ट कटाक्षाने करतो: कामाची यादी आम्ही स्वतः देतो आणि सर्वांनी तिच्यापुढेच दर भरावयाचे. पैसेही मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्यावर मिळतात. गावाला ज्याचे नाव मिळाले त्या बक्षीचे मूळ कामही असलेच. मोगल राज्यात सैन्याची हजेरी व पगार बक्षीच्या खात्याकडे असत. स्वारांची हुलिया लिहिलेली असे, घोड्यांना डाग दिलेला असे. कागदावरचे घोडे आणि मैदानातले घोडे जुळल्यावाचून पगार नीट होत नसे.

यंदा मी एका पानाची यादी केली. खोदाई, माती, खत, उतार, गवत, रोपे, तीन महिन्यांची देखभाल. प्रत्येकापुढे माप, आणि दरासाठी कोरी जागा. रकमेचा दहावा हिस्सा तीन महिन्यांनंतर, हेही लिहिले. तिघांना, त्यात जुने दोघे, तेच पान दिले. कालच्या सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त किमतींतील ४८ हजारांचे अंतर आता ११ हजारांवर आले. काम मधल्या ठेकेदाराला दिले आहे, कारण माती पाहावयास तो स्वतः दोनदा आला आणि दोन्ही वेळा कुदळ घेऊन आला.

यादी आईला वाचून दाखविली तेव्हा तिने शेवटी एक ओळ घालावयास लावली: पारिजातक पलंगावरून दिसेल असा लावावा. तिच्यापुढे कोणीही दर लिहिला नाही. जूनच्या अखेरीस पहिला चांगला पाऊस झाला, की खड्डा घ्यावयाचा आहे.