बेल्ट गेला? आधी टेन्शनर तपासा!

जामनेरहून नेरीमार्गे जळगावला निघालेल्या डिझेल गाडीच्या बोनेटखाली आणखी एक प्रवास चालू असतो. क्रँकची पुली १५ सेंटिमीटर व्यासाची आणि इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर असेल, तर त्या पुलीवरचा काळा रबरी पट्टा ताशी जवळपास ५६ किलोमीटरने पळतो. पट्ट्याची लांबी पावणेदोन मीटर धरली, तर सेकंदाला नऊ वेढे. सरासरी ५० च्या वेगाने १ लाख किलोमीटर होईपर्यंत साडेसहा कोटी वेढे! गाडीत एवढा राबणारा आणि तरीही कुणी ढुंकून न पाहणारा भाग दुसरा नसेल.

हाच सर्पेंटाइन बेल्ट. नागमोडी वळणं घेत तो अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, काही गाड्यांत पाण्याचा पंप आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप असा सगळा संसार एकटा ओढतो. दुकानात ‘फॅन बेल्ट’ मागितलात तरी आजकाल बहुतेक वेळा हाच हातात पडतो.

पाच एचपीची ताकद, दोन सेंटिमीटरचं रबर

९० अँपिअरचा अल्टरनेटर पूर्ण भाराने चालला की सव्वा किलोवॉट वीज देतो. त्यासाठी पट्ट्याकडून मात्र दोन किलोवॉटच्या आसपास ताकद घेतो, कारण बाकीची उष्णतेत जाते. मे महिन्यात एसी फुल्ल असेल तर कॉम्प्रेसरला वेगळी दोन-तीन किलोवॉट लागते. बेरीज करून पाहा. विहिरीवरची पाच एचपीची मोटर ज्या ताकदीवर पाणी उपसते, तेवढी तरी ताकद दोन-सव्वादोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यातून जात असते.

मालकाने नाकारलेली कल्पना

डेन्व्हरच्या गेट्स कंपनीतल्या जॉन गेट्सने १९१७ मध्ये व्ही-बेल्ट काढला आणि चामडी पट्ट्यांचे दिवस भरले. पुढे कित्येक दशकं मोटारींत दोन-तीन वेगवेगळे व्ही-बेल्ट असायचे. एक तुटला तरी बाकीचे चालू. सगळं काम एकाच लांब पट्ट्यावर टाकण्याची कल्पना त्याच कंपनीतल्या जिम व्हान्सची. त्याने १९७४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. कंपनीने त्या कल्पनेवरचा हक्क घ्यायला नकार दिला होता. मग १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये हाच पट्टा कामी आला. आज जगभर तोच चालतो.

महाराष्ट्रातही बेल्टचा मोठा उद्योग आहे. नागपूरजवळच्या हिंगण्यात १९८१ पासूनची पिक्स ट्रान्समिशन्स ही कंपनी व्ही-बेल्टपासून रिबवाल्या पट्ट्यांपर्यंत सगळं बनवते आणि परदेशात पाठवते. विदर्भ-खान्देशातल्या गिरण्या, जिनिंग आणि मळणीयंत्रं पट्ट्यांवरच चालत आली आहेत.

नंबर वाचा, फसगत टाळा

बेल्टच्या पाठीवर ‘६पीके१७५०’ असं काहीतरी छापलेलं असतं. ६ म्हणजे रिबांची संख्या. पीके म्हणजे मोटारींसाठी ठरलेला आकार. यात दोन रिबांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर असतं आणि खाचेचा कोन ४० अंशांचा. १७५० ही मिलिमीटरमधली लांबी. ‘दहा मिलिमीटरने काय फरक पडतो’ असं म्हणून मिळेल तो बेल्ट चढवू नका. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा हात ठरावीक टप्प्यातच काम करतो. बेल्ट लांब असला तर तो टप्पा पहिल्याच दिवशी संपत येतो.

झाली पट्ट्यावरून ओळख!

१७ फेब्रुवारी १८९४, जर्मनीतलं ऑग्सबर्ग. रुडॉल्फ डिझेलचं प्रायोगिक इंजिन कारखान्याच्या पट्ट्याने फिरवून पाहत होते. बघता बघता ओढ उलटी झाली. आता पट्टा इंजिनाला फिरवत नव्हता, इंजिन पट्ट्याला ओढत होतं. ८८ फेऱ्या, जेमतेम एक मिनिट! डिझेल इंजिन स्वतःच्या बळावर चालल्याची ती पहिली खूण.

डिझेलचा झटका आणि बिचारा टेन्शनर

डिझेल इंजिनात हवा प्रचंड दाबली जाते आणि त्या दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेटतं. त्यामुळे क्रँक एकसारखा फिरत नाही. दाबताना अडखळतो, पेटल्यावर उसळतो. चार सिलिंडरचं इंजिन ८०० फेऱ्यांवर नुसतं उभं असलं तरी सेकंदाला सुमारे २७ झटके बसतात. अल्टरनेटरची पुली लहान, म्हणून तो क्रँकच्या अडीच-तीन पट वेगाने फिरत असतो, आणि त्याचा जड रोटर असा क्षणात मंद व्हायला तयार नसतो. ही ओढाताण पट्ट्यावर येते. पट्टा ढिला पडू नये म्हणून स्प्रिंगचा टेन्शनर दर झटक्याला हात पुढे-मागे करून ताण सांभाळतो.

म्हणून माझं ठाम मत आहे: बेल्ट हा बहुतेक वेळा बळी असतो. गुन्हेगार शेजारी बसलेला असतो. स्प्रिंग थकली, हाताचं बुश झिजलं किंवा पुलीचं बेअरिंग कोरडं पडलं की पट्टा आधी किंचाळतो, मग कडेने उसवतो, मग उतरतो. अशा वेळी नुसता बेल्ट बदलणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. नवा बेल्टही थोड्याच दिवसांत त्याच वाटेने जातो आणि मालक बेल्टच्या कंपनीला बोल लावतो.

आणखी दोन संशयित. पहिला, अल्टरनेटरची वनवे पुली. बऱ्याच आधुनिक डिझेल गाड्यांत ही असते. ती एका दिशेने पकडते आणि उलट दिशेने मोकळी फिरते. क्रँक अडखळला तरी रोटर आपल्या वेगात फिरत राहतो आणि पट्टा सुटकेचा श्वास घेतो. ही जाम झाली की सगळे झटके टेन्शनरच्या अंगावर. दुसरा संशयित क्रँक पुली. डिझेलमध्ये ती एकसंध लोखंडाची नसते. आतलं बूड आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबराची रिंग असते. ते रबर सुटलं की कडं डुलतं, आणि डुलणाऱ्या कड्यावर कोणताही बेल्ट टिकत नाही.

उन्हाळा, कापूस आणि धूळ

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा बोनेटखाली तो शंभरी गाठतो. पूर्वीचे निओप्रिनचे बेल्ट अशा उष्णतेत तडकायचे आणि तडे मोजून त्यांचं वय कळायचं. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा तडकतच नाहीत. ते गाडीच्या टायरसारखे झिजतात आणि वरून नवे दिसतात. रिबांचं अवघं पाच टक्के रबर गेलं तरी पट्टा घसरायला लागू शकतो. त्यामुळे ‘तडे नाहीत, चालू द्या’ हा जुना नियम आता धोक्याचा आहे. खाचांत नख घालून पाहा किंवा बेल्ट मोजण्याचं प्लॅस्टिकचं गेज वापरा.

काळ्या मातीची धूळ खाचांत बसून सँडपेपरचं काम करते, आणि कापसाच्या हंगामात रेडिएटरच्या जाळीवर तंतूंचा थर बसून उष्णता वाढते. त्यातच ऑइलची गळती असेल तर ईपीडीएम फुगून मऊ होतं. गळती आधी, बेल्ट नंतर.

तुटल्यावर काय काय थांबतं?

सगळ्यात आधी डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो. एसीची हवा गरम होते. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगची गाडी असेल तर स्टिअरिंग दगडासारखं जड. डिझेलला ठिणगी लागत नाही, म्हणून इंजिन चालूच राहतं आणि इथेच चालक फसतो. कॉमन रेलच्या गाडीत बॅटरी संपेपर्यंतच इंजिन चालवणारा संगणक जिवंत. जुन्या जीपमध्ये तर डिझेलचा पंप यांत्रिक असल्याने आणि इंजिन केबल ओढून बंद करायचं असल्याने वीज गेल्याचं कळतही नाही.

पण पाण्याच्या पंपाचं काय? फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत आलं. पुण्याजवळ रांजणगावातही ते बनायचं. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर डिझेल सोडलं, तरी रस्त्यावर ही इंजिनं अजून भरपूर आहेत. यात टायमिंगला चेन आहे, ती तुटायची भीती कमी. पण पाण्याचा पंप याच बाहेरच्या बेल्टवर! बेल्ट गेला की पाणी फिरणं थांबलं. अजिंठ्याच्या घाटात असाल तर काही मिनिटांत काटा लालमध्ये, आणि हेड वाकलं की खर्च बेल्टच्या कित्येक पट. दिवा लागला आणि काटा चढला की गाडी तिथेच बाजूला घ्या. ‘पहूर जवळच आहे, तेवढं जाऊ’ हा मोह महागात पडतो.

काळी-पिवळीच्या पिढीतल्या कित्येक डिझेल गाड्यांत आणखी एक गोष्ट लपलेली असते. ब्रेकसाठी लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. बेल्ट गेला की व्हॅक्यूम गेला. बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरता साठा उरतो. त्यानंतर पेडल कडक. ब्रेक लागतात, पण पूर्ण जोर लावावा लागतो. अशा वेळी पेडल पंप करत बसू नका, साठा वाया जातो. एकदाच, सलग दाबा. माणसांनी भरलेल्या गाडीसाठी ही माहिती जिवाची आहे.

आणि तुटलेल्या पट्ट्याचे दोरे? ते क्रँक पुलीमागे गुंडाळत टायमिंगच्या कव्हरमध्ये शिरू शकतात. १.५ डीसीआय इंजिनाच्या गाड्यांत, म्हणजे डस्टरमध्ये किंवा नाशिकला बनलेल्या लोगानमध्ये, टायमिंग बेल्टनेच चालतं. दोरा तिथे अडकला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होऊ शकते. म्हणून तुकडा न तुकडा गोळा झाल्याशिवाय स्टार्टर मारू नये.

पाण्याचा फवारा सांगतो रोग

इंजिन चालू असताना लांबूनच बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी फवारा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. काही सेकंद थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. साबण किंवा स्प्रे लावून आवाज दाबू नका. रोग तसाच राहतो.

मिस्तरीच्या हातून

चांगला मिस्तरी इंजिन थंड होऊ देतो, किल्ली काढतो आणि सगळ्यात आधी बेल्टच्या वाटेचा मोबाइलवर फोटो काढतो. मग टेन्शनरच्या बोल्टवर लांब रिंग पाना बसवून हात मागे रेटतो. स्प्रिंग चांगलीच ताकद लावते. हात पुरता मागे गेला की त्याच्या भोकात पिन सारायची. हात तिथेच अडकतो आणि बेल्ट सैल होऊन निघतो. यानंतरची दोन मिनिटं सगळ्यात मोलाची. तो प्रत्येक पुली बोटांनी फिरवतो. चांगलं बेअरिंग मुकाट, किंचित जड फिरतं. कोरडं बेअरिंग खरखरतं, किंवा हात काढल्यावरही भिरभिरत राहतं, कारण आतलं ग्रीस संपलेलं असतं. वनवे पुली एका बाजूला मोकळी आणि दुसऱ्या बाजूला पकडणारी हवी. दोन्हीकडे मोकळी किंवा दोन्हीकडे पकडणारी असेल, तर “भाऊ, नुसत्या बेल्टने भागणार नाही” हे त्याचं म्हणणं ऐका. तो बिल फुगवत नाहीये.

नवा टेन्शनर बसवून बोल्ट ठरलेल्या ताणाने आवळायचा, मग बेल्ट चढवायचा. प्रत्येक रिब आपापल्या खाचेत बसली का, हे पुलीपुलीवर बोट फिरवून पाहायचं. एक खाच चुकली तर बेल्ट काही किलोमीटरही टिकत नाही. जी पुली बेल्टच्या सपाट पाठीवर चालते ती उलटी फिरते. पाठीवर चालणारा पाण्याचा पंप म्हणूनच वेगळ्या घडणीचा असतो. वाट चुकवून तो सरळ बाजूला घेतला, तर पंप उलटा फिरेल आणि इंजिन तापेल.

काही गाड्यांत टेन्शनरच नसतो. तिथे ताणून बसवायचा लवचीक बेल्ट असतो. तो काढताना कापायचाच असतो आणि एकदा निघालेला परत वापरायचा नसतो.

जाता जाता

१९५८ ची डच मोटार डाफ ६०० रबरी पट्ट्यांवरच धावायची, आणि तिच्या गिअरच्या रचनेमुळे उलटीही तितक्याच वेगाने पळायची. हॉलंडमध्ये लोकांनी उलट्या शर्यतीही लावल्या! आपल्या अ‍ॅक्टिव्हाच्या मागच्या चाकाला ताकद पोचवणारा बेल्ट त्याच कुळातला.

काही बेल्टच्या पोटात अ‍ॅरामिडचा दोरा असतो. १९६५ मध्ये ड्यूपॉन्टमध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेला केव्हलार त्याच जातीचा, बुलेटप्रूफ जाकिटातला.

व्ही-बेल्टच्या काळात युरोपात बायकांच्या नायलॉनच्या लांब मोज्याची गाठ मारून गाडी घरी नेत असत. सर्पेंटाइनला हा उपाय चालत नाही. ताण जास्त, वळणं जास्त.

एप्रिल उजाडायच्या आत एवढं करा. गाडी ६०-७० हजार किलोमीटर झाली असेल तर बेल्ट काढून पुल्या फिरवून घ्या. लाखाच्या आसपास, किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलं असेल तेव्हा, बेल्ट आणि टेन्शनर जोडीनेच बदला. बेल्टचा नंबर मोबाइलमध्ये लिहून ठेवा. रात्री-बेरात्री गाडी अडकली, तर जळगावहून नेमका बेल्ट मागवायला तोच नंबर लागतो.