सात सेंटिमीटरची चीर

78 फेऱ्यांची जुनी तबकडी म्हणजे एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. तेवढ्यात ती 234 वेळा गरगरते. दहा इंची तबकडीवरची खाच उलगडून सरळ केली, तर सव्वाशे मीटरच्या आसपास भरेल. लेबलावर ‘अख्तरीबाई फैजाबादी’ असेल, तर दर्दी ऐकणारा या सव्वाशे मीटरांतल्या सात सेंटिमीटरांची वाट बघत बसलेला असतो.

वरच्या स्वराला हात घालताना तिचा आवाज मध्येच चिरायचा. लखनौचे रसिक त्याला ‘पत्ती’ म्हणायचे. दुसऱ्या कुणाचा आवाज असा फुटला असता तर गुरुजींनी कान पिळला असता. इथे मात्र माना डोलतात. ही चीर सेकंदाचा दहावा भाग टिकते असं धरलं, की तबकडीवर हिशेब सात सेंटिमीटरांवर येतो.

आता गळ्याच्या बाजूने मोजू. षड्ज 220 कंपनांचा धरला, तर सेकंदाला 220 वेळा स्वरतंतू मिटतात नि उघडतात. त्याच सुरावर तीन मिनिटं अखंड राहिलं तर 39,600 वेळा. तार षड्ज 440 चा. म्हणजे तिथे चीर पडते तेव्हा बिघडतात ती फार तर 44 कंपनं! स्वर तोच असतो, पण त्याच्यावर 880, 1320, 1760 असे उपस्वरांचे थर असतात. त्यातला कुठला थर जोरकस, कुठला फिका, यावर आवाजाची जात ठरते. पेटीचा षड्ज आणि गळ्याचा षड्ज आपण डोळे मिटूनही वेगळे ओळखतो ते यामुळेच. स्वरतंतूंची पकड क्षणभर सुटते, थरांची उलथापालथ होते आणि कान टवकारतात.

हे सगळं पोचतं कशावरून? आपल्याभोवतीच्या हवेचा दाब 1,01,325 पास्कल. साध्या बोलण्याएवढा आवाज त्यात 0.02 पास्कलची लहर उठवतो, म्हणजे पन्नास लाखांतला एक भाग. ती लहर मेंदूकडे पोचवायला प्रत्येक कानात सुमारे 3,500 आंतरकेशपेशी. तेवढ्यावर कामगिरी अशी, की 2014 मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात लोकांनी माणसाचा गाता आवाज सेकंदाच्या 4 हजारांश तुकड्यावरूनही नुसत्या अंदाजापेक्षा जास्त वेळा बरोबर ओळखला. 220 च्या षड्जाचं एक कंपनसुद्धा तेवढ्यात पुरं होत नाही. मला तर हा आकडा पन्नास लाखांपेक्षा मोठा वाटतो.

1945 मध्ये लखनौच्या बॅरिस्टर अब्बासींशी लग्न झालं आणि अख्तरीबाईंचं गाणं थांबलं. 1949 मध्ये लखनौ रेडिओवर ते पुन्हा सुरू झालं, तेव्हा नाव होतं बेगम अख्तर. पुढे त्यांनी याच शहरातल्या भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकवलं. 1926 मध्ये मॅरिस कॉलेज म्हणून ते उभं करणारे विष्णू नारायण भातखंडे आपल्या वाळकेश्वरचे, पेशाने वकील. हजाराहून जास्त चिजा त्यांनी स्वरलिपीत बांधून ठेवल्या. त्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारेला वर, मींडेला कमान. पत्तीसाठी खूण नाही.