उलटलेला रक्तकर्करोग आणि नव्या औषधाची पारख

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील आपल्या उमरग्याहून बार्शी, सोलापूर किंवा मुंबईच्या रुग्णालयाकडे निघालेल्या माणसाच्या हातातील रिपोर्टांची पिशवी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. तो माणूस रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण असेल आणि काही वर्षे गुण देणारे औषध निकामी ठरले असेल, तर एखाद्या दिवशी डॉक्टर त्याला सांगतात, "एका नव्या औषधाची चाचणी सुरू आहे. तुमची इच्छा असेल तर तुम्हाला तीत सहभागी होता येईल." हे ऐकताच घरात दोन मते पडतात. एक म्हणतो, "आपल्या माणसावर प्रयोग करू द्यायचा नाही." दुसरा म्हणतो, "डॉक्टरसाहेब म्हणतात तर करा सही." पहिले उत्तर भीतीतून येते, दुसरे आंधळ्या भरवशातून.

केसपुत्त येथील कालाम लोक असेच गोंधळले होते. येणारा प्रत्येक उपदेशक आपलेच मत खरे म्हणत असे. परंपरेने चालत आले म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नये, स्वतः जाणून व हित-अहित पाहून स्वीकारावे, हा मार्ग तथागतांनी त्यांना दाखविला. नव्या औषधाची चाचणी हीसुद्धा अशीच पारख आहे. ती कशी होते आणि तीत रुग्णाचा अधिकार कोणता, हे या लेखात पाहू.

आजार कोणता?

रक्तातील पेशी हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत तयार होतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या दीर्घकालीन रक्तकर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. थकवा येतो, वजन घटते, प्लीहा वाढून डाव्या बरगडीखाली जडपणा जाणवतो. अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत तो उघडकीस येतो.

१९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलल्याने हे घडते, असे जेनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचे विकृत जनुक तयार होते आणि ते एक प्रथिन घडविते. विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर चिकटून बसला, की पाणी हवे असो वा नसो, मोटार चालूच राहते. हे प्रथिन तसेच आहे. पेशीला "वाढ, वाढ" असा आदेश ते अखंड देत राहते.

त्या स्टार्टरवरच नेमका घाव घालणारे औषध म्हणजे लक्ष्यवेधी औषध. इमॅटिनिब हे त्यातील अग्रणी. ते प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते आणि आदेश थांबविते. त्याच्या मोठ्या चाचणीतील रुग्णांपैकी दहा वर्षांनंतर सुमारे ८३ टक्के रुग्ण हयात होते. जीवघेणा मानला जाणारा आजार रोजच्या गोळीवर आटोक्यात राहू लागला.

आजार उलटतो तो का?

गुण आलेल्यांपैकी काहींचा आजार पुन्हा डोके वर काढतो. याचे एक साधे कारण गोळ्या चुकणे हे आहे. बरे वाटू लागले, पैसे संपले, सुगीच्या दिवसांत रुग्णालयात जाणे झाले नाही, की पेशींना पुन्हा संधी मिळते. म्हणून रक्तातील बीसीआर-एबीएलचे प्रमाण ठरावीक काळाने, सुरुवातीला दर तीन महिन्यांनी, तपासावे लागते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. प्रथिनाच्या खाचेचा आकारच बदलतो आणि औषध तेथे बसेनासे होते. यातील सर्वांत चिवट बदल टी-३१५-आय या नावाने ओळखला जातो. पुढे आलेली डॅसॅटिनिब, निलोटिनिब व बोसुटिनिब ही औषधे इतर अनेक बदलांवर चालली, परंतु या एका बदलापुढे तीही थकली. पोनॅटिनिब त्यावर चालते. अॅसिमिनिब तर नेहमीची खाच सोडून त्याच प्रथिनावरील दुसऱ्याच जागी बसते. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या दुसऱ्या दीर्घकालीन रक्तकर्करोगातही असेच घडते. तेथे इब्रुटिनिबची जागा बदलली, की वेगळ्या मार्गाचे औषध शोधावे लागते. आजार वाट बदलतो आणि औषधाला त्याच्या मागे जावे लागते, म्हणूनच नव्या चाचण्या थांबत नाहीत.

पारख कशी होते?

पहिल्या टप्प्यात किती मात्रा शरीराला सोसते, हे पाहतात. इमॅटिनिबची अशी चाचणी १९९८ मध्ये ब्रायन ड्रकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. इंटरफेरॉन हे त्या वेळचे औषध ज्यांना लागू पडले नव्हते किंवा सोसले नव्हते, असे ८३ रुग्ण तीत होते. मात्रा २५ मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवीत १००० पर्यंत नेली. ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा मिळालेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. सुरुवातीच्या गटांना मिळालेली मात्रा मात्र अल्प होती. योग्य मात्रा कोणती, हे जगाला कळले ते या सर्वांमुळे.

दुसऱ्या टप्प्यात औषधाचा गुण पाहतात. तिसऱ्या टप्प्यात नव्या औषधाची जुन्याशी तुलना होते. कोणाला कोणते औषध द्यायचे, हे डॉक्टर किंवा रुग्ण ठरवीत नाहीत. चिठ्ठी टाकावी तसे संगणकाच्या साहाय्याने ते ठरते. त्यामुळे वशिला, ओळख किंवा पैसा आड येत नाही. पूर्वी किमान दोन लक्ष्यवेधी औषधे घेऊन झालेल्या २३३ रुग्णांवर अॅसिमिनिबची अशी तुलना बोसुटिनिबशी करण्यात आली. २४ आठवड्यांनंतर अपेक्षित खोल गुण अॅसिमिनिबच्या गटात २५.५ टक्के आणि बोसुटिनिबच्या गटात १३.२ टक्के रुग्णांना आला. नवे औषध सरस ठरले, हे खरे. तरीही त्या मुदतीत चारांपैकी तिघांना तो गुण आला नव्हता. चाचणीत जाणे म्हणजे बरे होण्याची हमी नव्हे, हे घरच्यांनी मनाशी पक्के धरावे.

मान्यता मिळाली म्हणजे पारख संपत नाही. पोनॅटिनिबला अमेरिकेत २०१२ च्या अखेरीस मान्यता मिळाली. पुढे काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत असल्याचे दिसून आले आणि २०१३ मध्ये त्याची विक्री तेथे काही काळ थांबविण्यात आली. नंतर ते निर्बंधांसह परत आले. आजार आटोक्यात येताच मात्रा कमी करावी, हे पुढील चाचणीने शिकविले.

आपल्या जिल्ह्याचा अनुभव

कर्करोगाची चाचणी ही दूर देशातील गोष्ट आहे, असे आपल्या जिल्ह्याने तरी म्हणू नये. बार्शी तालुक्यासह आपल्या जिल्ह्यातील परंडा व भूम तालुक्यांच्या खेड्यांतील कर्करुग्णांची नोंद १९८७ पासून बार्शीहून होऊ लागली. ग्रामीण भारतातील ती पहिली कर्करोग नोंदणी होय.

त्यानंतर १९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. तो रक्तकर्करोगाचा नव्हता, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा होता. मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. गावांचे ५२ समूह पाडून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रियांना चार गटांत विभागण्यात आले. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या मिळाल्या. चौथ्या गटाला तपासणी कोठे मिळते याची माहिती देण्यात आली, प्रत्यक्ष तपासणी नाही. एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली चाचणीही या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटविते, हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

जगभर या चाचणीच्या बाजूने जो पुरावा मांडला जातो, त्यात आपल्या जिल्ह्यातील या आयाबहिणींचा वाटा मोठा आहे. त्याचबरोबर, चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, असा प्रश्नही पुढे अनेकांनी विचारला. आपण दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. विज्ञानाचे ऋण मान्य करावे आणि प्रश्न विचारण्याचा हक्कही सोडू नये.

सही कोणाची?

निवासी शाळेच्या स्मरणिकेत आणखी एका घटनेची नोंद व्हायलाच हवी. २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प राबविण्यात आला. त्यातील अनेक मुली आदिवासी होत्या व वसतिगृहांत राहत होत्या. संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार २,७६३ संमतिपत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. आईवडिलांना काय सांगितले गेले, हा प्रश्न तेव्हा देशभर गाजला. ज्यांची लेकरे वसतिगृहात वाढली, त्या पालकांना या प्रश्नाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

आज २०१९ चे नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम लागू आहेत. प्रत्येक चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी आणि देशाच्या चाचणी-नोंदवहीत नोंद आवश्यक आहे. संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत असले पाहिजे. रुग्णाला वाचता येत नसेल, तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षर साक्षीदार संपूर्ण प्रक्रियेत हजर असावा लागतो. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई मिळते. रुग्ण कोणत्याही क्षणी कारण न देता चाचणीतून बाहेर पडू शकतो आणि त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

चाचणीनंतर औषध परवडेल काय, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. इमॅटिनिबच्या मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध ८ ते १० हजारांत मिळे. त्या औषधाच्या पेटंटला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने विरोध केला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला आणि स्वस्त औषधाची वाट खुली राहिली.

माजी विद्यार्थ्यांचे काम

या शाळेने आपल्याला अक्षरओळख दिली. तिचा एक उपयोग येथे आहे. गावातील एखाद्या रुग्णापुढे संमतिपत्र येईल, तेव्हा त्याच्याशेजारी बसून ते शब्दशः वाचून दाखवावे. त्याच्या वतीने विचारावे : ही चाचणी कोणत्या टप्प्याची आहे? तुलना कोणत्या औषधाशी आहे? चाचणीबाहेर दुसरा उपचार आहे काय? तपासणीचा, प्रवासाचा व राहण्याचा खर्च कोण करणार? गुण आल्यास चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील काय? त्रास झाल्यास रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा? उत्तरे मिळेपर्यंत थांबावे. कागद घरी आणून विचार करण्यास वेळ मागणे, हा रुग्णाचा अधिकार आहे.

त्यानंतर रुग्णाने होकार दिला तर तो त्याचा स्वतःचा असेल, आणि नकार दिला तर तोही त्याचाच असेल. कालामांना तथागतांनी हेच स्वातंत्र्य दिले होते. आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुऊन काढणाऱ्या तथागतांचे आपण अनुयायी आहोत. रुग्णाच्या शेजारी बसून त्याचा कागद वाचणे, हीही त्याच सेवेची आजची रीत आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!