विद्यापीठाचे बियाणे आणि आपले रान



रब्बीच्या तोंडावर गावात गेलो की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, त्या विद्यापीठाचा आम्हाला काय उपयोग?" प्रश्न रास्त आहे. विद्यापीठ तुमच्या-आमच्या पैशावर चालते. हिशेब मागायचा तुम्हाला हक्क आहे. आज नुसत्या ज्वारीचा हिशेब मांडू.

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. पण सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासूनच सुरू होते. त्याच दशकात मोहोळच्या केंद्रावर गावरान मालदांडीतून निवड करून 'मालदांडी ३५-१' हे वाण पुढे आले. आजोबांनी पेरली आणि नातूही पेरतो, ती हीच ज्वारी. पुढे हे काम विद्यापीठाकडे आले.

नवे वाण एका सालात बाहेर पडत नाही. एखादे साल पावसाचे, एखादे कोरडे. म्हणून अनेक वर्षे, अनेक ठिकाणी पेरून पाहतात. शेतकऱ्यांच्या रानातही चाचण्या घेतात. मग राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत त्याची छाननी होते. तिथे टिकले तरच शिफारस तुमच्यापर्यंत येते.

या खटाटोपातून एक मोलाची गोष्ट हाती आली. रब्बी ज्वारी वाढते ती जमिनीत साठलेल्या ओलीवर, आणि ओल किती साठणार हे मातीच्या खोलीवर. म्हणून एकच वाण सगळ्या रानांना चालत नाही. फूटभर खोलीच्या हलक्या रानाला 'फुले अनुराधा'. ती १०५ ते ११० दिवसांत येते, ओल संपायच्या आत दाणा भरते. दोन फुटांपर्यंतच्या मध्यम रानाला 'फुले सुचित्रा'. त्याहून खोल भारी काळीला 'फुले वसुधा'. तिला ११६ ते १२० दिवस लागतात. पाण्याची सोय असेल तर 'फुले रेवती'.

हे सगळे मला तोंडपाठ होते. तरी चुकलो. ती चूक आज तुमच्यापुढे सांगतो.

२०१५ साली एका गावात चावडीवर बसलो होतो. एका शेतकऱ्याने वाण विचारले. घाईत होतो. "वसुधा पेरा," म्हणून मोकळा झालो. त्याचे रान माळाचे, वीतभर मातीखाली मुरूम. त्या साली पावसाने दगा दिला. पोटऱ्यात आलेले पीक कणीस टाकायच्या आधीच करपले. कडबाही हाती लागला नाही आणि घरची दुभती गाय बाजाराला गेली. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची म्हातारी आई पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणाली, "बियाणं वाईट न्हवतं, सायेब. तुम्ही आमचं रान बगितलं न्हाई."

मी काय बोलणार? संशोधन खरे होते. ते बांधापर्यंत नेणारा मी कमी पडलो होतो.

पुढच्या वर्षी पहार घेऊनच गेलो. तीन ठिकाणी खड्डे घेतले. माळाच्या अंगाला मुरूम लगेच लागला, पण ओढ्याकडच्या पट्टीत माती कमरेइतकी खोल निघाली. माळावर अनुराधा पेरली, ओढ्याकडे वसुधा. २०१६ साली पाऊसही बरा झाला, तेव्हा सगळे श्रेय मी घेत नाही. पण घरात ज्वारीची रास आली आणि कडब्याची गंज उभी राहिली.

आता तुमचे काम. पेरणीआधी रानात दोन-तीन ठिकाणी खड्डा घ्या आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजा. पावसाळ्यातच वाफे किंवा सरी पाडून पाणी जागच्या जागी मुरवा. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान वाफशावर पेरा. काणी येऊ नये म्हणून किलोभर बियाण्याला ४ ग्रॅम गंधकाची भुकटी चोळा. पेरणीपासून तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करा. भेगा बुजल्या की ओल उडत नाही. 'एक कोळपणी, अर्धे पाणी' हे आपल्या वडीलधाऱ्यांचे बोल विद्यापीठाच्या प्रयोगांतही खरे ठरले आहेत.

आणि आमच्यापैकी कोणी चावडीवर बसूनच वाण सांगू लागला, तर त्याला हाताला धरून बांधावर न्या. "आधी रान बघा, मग बोला," असे खुशाल सुनवा. त्या माउलीने मला सुनावले, त्याचा मला आजवर फायदाच झाला आहे.